तात्यांची जाळरेषा

तात्यांचं सरण पेटवण्याआधी त्यांच्या लेकानं भोवतालचं वाळलेलं गवत कापलं आणि पट्टाभर जमीन जाळून मोकळी केली. जळक्या कुसळी गवताचा वास आला आणि मी मनानं पुन्हा निमगावच्या माळावर जाऊन उभी राहिले.

मी तेव्हा नवी वनरक्षक होते. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून थंडीतच गवताचा लांब पट्टा आपण जाळून ठेवायचा, त्याला जाळरेषा म्हणायचं, असा सरकारी आराखडा मी गावात समजावला. मेंढरं राखणारे तात्या खो खो हसले. "आग लागू नये म्हणून आग लावायची? बाई, हे सरकारलाच सुचतंय!" नवं गवत फुटावं म्हणून ते दरसाल अख्खा माळ पेटवत आले होते.

पट्टा जाळायच्या दिवशी ते गंमत बघायला आले. अचानक वारं फिरलं आणि पट्ट्याबाहेरचं गवत भडकलं. आम्ही कडुलिंबाच्या फांद्या घेऊन पोचेपर्यंत तात्या डोक्याचा पटका सोडून जाळ झोडपत होते. आग विझल्यावर भोकं पडलेला पटका मांडीवर घेऊन ते काळ्या जमिनीवर बसले.

"पेटवून आमी घरी जायचो, बाई. जळताना कधी बघितलंच न्हाय."

आराखडा पटला, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

सरण पेटलं. मी लेकाला विचारलं, "हे गवत कापून पट्टा जाळायचं कुणाला सुचलं?"

"तात्याच सांगून गेले. म्हनले, माज्यासंगं माळ जळाया नगं."