वीतभर कापलेली दुनळी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पोलिसांच्या आठवणींत शेवटी अधिकाऱ्याची हुशारीच वर येते, म्हणून ते पहिल्या ओळीत असलेलं बरं. पन्नाशीतच नोकरी सोडून घरी बसलो, पण हे एक प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही.

खालापूर भागात मी फौजदार होतो. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. एका सोमवारी भरदुपारी घाटाच्या पायथ्याशी दोघांनी ट्रक अडवून लुटला. ड्रायव्हरने जबाबात सांगितलं, एकाकडे आखूड नळ्यांची दुनळी बंदूक होती. वरिष्ठांचा फोन सकाळ-संध्याकाळ यायचा आणि तपास जागचा हलत नव्हता.

त्याच आठवड्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यांची वार्षिक तपासणी आली. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरतात, त्यासाठी शेतकऱ्यांना हे परवाने असत. गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन माणसं ठाण्याच्या ओसरीवर बसायची. हवालदार नंबर वाचायचा, नळी मोजायचा, मी नोंदवहीत लिहून सही करायचो.

त्यात एक पन्नाशी ओलांडलेला शेतकरी होता. गाव त्याला आप्पा म्हणायचं. बापाच्या वेळची विलायती दुनळी, दस्त्यावर हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. नळीत चिखल असताना बार उडाला होता, आणि डावी नळी तोंडाजवळ फुगली होती.

"सायेब, येक इचारू? फुगलंय तेवढं वीतभर कापून टाकू, का राहू दिऊ हाय तशी? बापाची हाय, हात लावायला जीव व्हत नाय. पन फुटली तर डोळं जातील. घरची म्हनते कापा."

हवालदार हसला. "मग कारभारीण सांगते तसं कर की रं. फौजदारसाहेबांचं डोकं कशाला खातोस?"

"तसं नाय. सायबांनी सांगितलं म्हंजी झालं."

मी लुटीचा अहवाल लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "बंदूक तुझी. कापून टाक आणि मोकळा हो."

परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, हे मला पाठ होतं. पण मी त्याचं बोलणं ऐकलंच नव्हतं, नुसतं उत्तर दिलं होतं. आपल्याकडे गावचा माणूस कागद मागत नाही. फौजदार बोलला म्हणजे हुकूम झाला, असं धरून तो घरी जातो. आप्पाही तसाच गेला.

पंधरवड्याने खबऱ्याने बातमी आणली, "सायेब, आप्पानं बंदूक आखूड केलीय. साजगावला जाऊन कापून आनली." मला लुटीचा धागा सापडल्यासारखं झालं. पंच घेऊन गेलो, माळ्यावरून बंदूक काढली, पंचनामा केला. बायको दारात उभी राहून ओरडत होती, "अवो, डुकरांसाठी हाय ती! मानसांसाठी नाय!"

ठाण्यात मी त्याला समोर उभं केलं.

"कोणासाठी कापलीस?"

"फुगली व्हती म्हनून कापली. तुमीच म्हनलात."

"मी?"

"व्हय. हितंच. तुमी लिहीत व्हतात."

मला आठवलं. त्याच क्षणी, शब्द न् शब्द आठवला. आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. खोट्यासाठी मी अनेकांना मारलं असेल, खऱ्यासाठी मारलं ते त्या एकालाच. तो गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, आपलंच काही ऐकण्यात चुकलं की काय, असा गोंधळ होता.

दोन दिवस तो कोठडीत होता. तपासणीच्या दिवशीचं माझं बोलणं हवालदाराने ऐकलं होतं, तो तोंड उघडेल का, याचीच मला धास्ती. तिसऱ्या दिवशी साजगावच्या वर्कशॉपमधला टर्नर सापडला. त्याने जबाब दिला, "नळी मीच कापली, तपासणीनंतरच्या शनिवारी. आप्पा डोळं मिटून बसलं व्हतं, बगवंना त्यांना. कापलेला तुकडा फडक्यात बांधून घरी नेला."

हवालदाराने नोंदवही माझ्यापुढे उघडून ठेवली.

"साहेब, लूट सोमवारची. ही तपासणी त्यानंतरच्या गुरुवारची. नळी तीस इंच, डावीकडे फुगवटा. अक्षर तुमचं, सही तुमची. लुटीच्या दिवशी हिची नळी लांबच होती."

मग वही मिटून तो म्हणाला, "बाकी त्या दिवशी कोण काय बोललं, ते मला नाही ठाऊक. आजकाल कमी ऐकू येतं."

लुटीतून आप्पा सुटला. खरे दरोडेखोर पुढे दुसऱ्याच तालुक्यात धरले गेले. पण नळी कापल्याचा गुन्हा उरलाच होता. त्या गुन्ह्याच्या कागदांत "मी तोंडी संमती दिली होती" एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही. खातेनिहाय चौकशी, बदली, मुलांची शाळा, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी मागे उभा होतो. आप्पाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाय. कापली मीच." त्याला दंड झाला, बंदूक सरकारजमा झाली, परवाना गेला. त्या हंगामात नवरा-बायकोने पत्र्याचे डबे वाजवून भात राखलं. तरी निम्मं डुकरांनी लोळवलं.

तपासात पुरावा शोधायचा असतो, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तो आपल्याच अक्षरात सापडला तर काय करायचं, हे कोणी शिकवलं नाही. पुढच्या नोकरीत मात्र समोरचा बोलत असताना मी पेन खाली ठेवायला लागलो.

बारा वर्षांनी, नोकरी सोडल्यावर, त्याच्या घरी गेलो. आप्पा थकला होता, पण त्याने ओळखलं. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही खरं बोलला होतात. मी तुम्हाला मारलं."

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "मला सांगून काय उपेग?"

"कोर्टात का नाही बोललात?"

"तुमीच नाय म्हनलात, मग माझं कोन ऐकनार?" मग त्याने आत हाक मारली. "अगं, भायेर ये जरा. सायेब आलेत. सायेब, हिला सांगा. बारा वर्सं म्हनते, सायेब असं बोलायचाच नाय, तुमीच खोटारडं. गावभर खोटारडा झालो मी."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. आप्पाने आढ्यातून फडक्यात बांधलेला वीतभर नळीचा तुकडा काढला आणि आमच्या मध्ये ठेवला.

मी उठून उभा राहिलो. "मावशी, त्यांनी मला विचारलं होतं. कापून टाक, असं मीच सांगितलं होतं. ते खोटं बोलले नाहीत, खोटं मी बोललो. मला माफ करा."