गळतीच्या खान्यात माझं नाव

पाहुण्या बाईंनी हात पुढे केला होता. मीही केला. मग त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या लाल फितीवर गेली आणि त्यांचा हात वळून बशीतल्या बिस्किटाकडे गेला. "नंतर बोलू हं," असं म्हणून त्या हिरव्या फितीवाल्या एका मुलीकडे निघून गेल्या. माझा हात तसाच राहिला. मी तो ओढणीला पुसला.

धाराशिवला, आमच्याच कॉलेजच्या सभागृहात हे घडलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. बाहेर फलक होता, 'विद्यार्थी नेटवर्किंग चर्चा : सार्वजनिक धोरणात बिग डेटा'. पुण्याच्या एका कॉलेजची मुलं बस करून आली होती, सोबत कंपन्यांचे आणि संस्थांचे पाहुणे. ओळखी वाढवा, यातूनच उद्या नोकऱ्या मिळतात, असं प्राचार्यांनी आम्हाला बजावलं होतं. मी त्यासाठी ड्रेसला इस्त्री करून आले होते. दारातच प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड अडकवलं गेलं. कुणाची फीत हिरवी, कुणाची पिवळी, कुणाची लाल. आम्हाला वाटलं, गट पाडायला असेल.

सुरेखा माझ्या हॉस्टेलच्या खोलीतली, मुरुमची. तिचीही फीत लाल. ती कानाशी येऊन म्हणाली, "आपल्याशी कोणच बोलंना गं. माझ्या तोंडाला काय लागलंय का बघ की."

आम्ही हसलो. मग मी सभागृहभर नजर फिरवली. लाल फितीची जवळजवळ सगळी पोरं माझ्या ओळखीची होती. कुणी तांड्यावरचं. कुणाचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. कुणी आमच्यासारखं, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातलं. हे काही आपोआप झालेलं नव्हतं.

चहानंतर पुण्याचा प्रणव मंचावर आला. गोड चेहऱ्याचा, स्वच्छ बोलणारा मुलगा. "मित्रांनो, सकाळपासून तुमच्यावर एक छोटासा प्रयोग चालू आहे," तो हसत म्हणाला. कॉलेजने आमची सगळी माहिती त्याच्या गटाला दिली होती. दहावी-बारावी, जुन्या शाळा, बापाचा धंदा, पत्ता. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. "कोण पदवी पूर्ण करणार आणि कोण मध्येच सोडणार, हे आमचं संगणकातलं मॉडेल आधीच सांगतं. हिरवे टिकणार. पिवळे काठावर. लाल म्हणजे गळती. पाहुण्यांना हे सकाळीच सांगून ठेवलं होतं."

लोक हसले. जादूच्या खेळात हसतात तसे. गळती नळाला लागते, छपराला लागते. सरकारी कागदात तो शब्द आमच्यासाठी आहे.

"एक उदाहरण बघू," प्रणव म्हणाला आणि पडद्यावर माझं नाव आलं. परंडा तालुका. वडिलांचा व्यवसाय, मेंढपाळ. त्याखाली, 'शाळा सोडल्याच्या नोंदी : अनेक'. "इतक्या वेळा शाळा सोडलेली मुलगी पदवीपर्यंत पोचेल? मॉडेलला तसं वाटत नाही."

माना वळल्या. कान तापले माझे. खरं सांगते, राग नंतर आला, आधी लाजच वाटली. वाटलं, माझ्याबद्दल याला असं काहीतरी कळलंय जे मलाच माहीत नाही.

तेवढ्यात प्राचार्यांनी माईक घेतला. "उत्तम! येत्या जूनपासून मुलींच्या हॉस्टेलच्या जागा याच पद्धतीनं देऊ. टिकणाऱ्यांना आधी. जागा वाया जायला नकोत."

टाळ्या. सुरेखाने माझं मनगट धरलं. "खोली गेली बघ आपली. घरी मला बघायला पावणे यायलेतच. खोली न्हाय म्हटलं की बाबा म्हणतेल, बास झालं शिकणं." मग ती हळूच म्हणाली, "मशीनला कळतंय की गं सगळं."

तिथं मी जागी झाले. मशीनला काही कळत नव्हतं. आधी सुरेखाची खोली काढून घ्यायची. मग तिचं लग्न लागायचं. आणि पुढच्या वर्षी याच पडद्यावर दाखवायचं, बघा, अंदाज अचूक निघाला. मला त्या हसऱ्या मुलाची भीती वाटली. वाईट माणसाची वाटते त्याहून जास्त.

मी उभी राहिले. "म्या शाळा कधीच सोडली न्हाय."

घरची बोली निघाली तोंडातून. कॉलेजात मी ती काढत नसते. मागं कुणीतरी फिसकन हसलं. हसू दे.

"ते दाखले हायेत," मी म्हणाले. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन निघायचो. मुक्काम बदलला की शाळा बदलायची. दुसऱ्या शाळेत नाव घालायचं तर पहिल्या शाळेचा दाखला लागतो, आणि त्यावर छापलेलंच असतं, 'शाळा सोडल्याचा दाखला'. आई डोक्यावरचा पदर सावरत मास्तरांपुढं उभी राहायची. "दाखला द्या गुरुजी, पोरीची शाळा मोडू द्यायची न्हाय मला." जितके दाखले, तितक्यांदा तिनं मला पुन्हा शाळेत बसवलं होतं. त्यांनी तेच माझ्याविरुद्ध मोजलं.

प्रणवचे डोळे चमकले. "वा! फार भारी इनपुट आहे हे. कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगाल? आणि हे बघा, तुम्हाला हिरवं करून टाकतो." त्यानं बोट दाबलं. पडद्यावर माझं नाव हिरवं झालं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

एका बोटाचं काम होतं. माझी खोली वाचली. सुरेखा लालच होती.

"आणि हिचं?" मी विचारलं. "ही का गळणार? तिच्या तोंडावर सांगा."

"ताई, तुमचा प्रश्न तर सुटला ना? मॉडेलमध्ये एकेकाचं कारण सांगता येत नाही."

"खाली बस," प्राचार्य म्हणाले. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

मी बसले नाही. "मला हिरवं नको. पुसा ते."

कुणी पुसलं नाही. कार्यक्रम पुढे गेला, पुढच्या वक्त्याची ओळख सुरू झाली, मी उभीच. बाहेर पडताना प्राचार्य माझ्याकडे न बघता म्हणाले, "जूनमध्ये बघू."

बघूच. जूनमध्ये खोल्या रिकाम्या करायला मॉडेल येणार नाही. किल्ली मागायला माणूसच येईल, पगार घेणारा, नाव असलेला. ज्यांना गळतीत टाकलंय त्या सगळ्या मुली हॉस्टेलच्या दारात बसलेल्या असतील, आणि मी त्यांच्यात असेन. आम्हाला बाहेर काढायचं तर आधी एकेकीच्या तोंडावर कारण सांगावं लागेल. 'मॉडेल म्हणतं' हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही.