कड्यावरची हाक

अरबी मुलखातल्या खसबच्या बंदरात पक्षी बघायला येणारे पाहुणे उबैदच्याच होडीत बसत, कारण त्याच्याइतका आत समुद्रात कोणी जात नसे. पण निघताना प्रत्येक जण त्याला बजावून सांगे, की बाबा रे, आज तेवढं तोंड बंद ठेव.

उबैद मूळचा डोंगरातला. तिथं एक घर या कड्यावर, तर दुसरं दरीपलीकडच्या कड्यावर. काही हवं असलं की हाक मारायची आणि ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून ‘लब्बैह!’ म्हणायचं, म्हणजे हा आलोच. हाक ऐकून गप्प बसला तो त्यांच्या लेखी माणसांत जमा नाही. हे उबैदच्या अंगात इतकं मुरलेलं, की भर समुद्रात लांब शेपटीचा एखादा पांढरा पक्षी डोक्यावरून ओरडत गेला तरी हा सुकाणू सोडून ‘लब्बैह!’ ठोकून देई. पक्षी पसार. ज्याच्यासाठी पाहुणा अर्धं जग ओलांडून आलेला, त्याची नुसती शेपटी फोटोत सापडायची. शेजारच्या होडीवरचा जुमा त्याला मुलाच्या नावानं, सैफचा बाप म्हणून, विचारी, “काय अबू सैफ, आज कुठल्या पाखराच्या घरी जेवण?”

उबैद हसण्यावारी नेई. खरं म्हणजे त्याला हाक मारणारं आता कोणी उरलंच नव्हतं.

त्याची बायको शम्सा उन्हाळ्यात खजुराच्या दिवसांत तेवढी खाली यायची. थंडी पडू लागली की बकऱ्या घेऊन वर. खाडीत उबैदची होडी दिसली की ती कड्यावरून हाक मारी. मीठ आण, काळी बकरी व्याली, सैफला ताप आलाय. वाऱ्यात पुढचे शब्द बहुधा विरून जात, मग नवऱ्यानं तो उभा डोंगर चढून विचारायला जायचं. वर पोचल्यावर कधी कधी ती खुशाल म्हणे, “काही नाही, येतोस का ते बघितलं.” ती वारली, आणि उबैदनं वर जाणंच सोडलं. त्याला ती हाक फक्त एकदा परत ऐकायची होती. ती येणार नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या जागी जाऊन बसण्याची त्याची छाती होत नव्हती.

यंदा योरिस नावाचा एक डच पाहुणा आला. मोडकंतोडकं अरबी बोलणारा. या डोंगरांतलं एक घुबड फार थोड्यांनी पाहिलंय, त्याला तेच हवं होतं, आणि ते नेमकं शम्साच्या कड्याकडं ओरडतं असं कोणीतरी त्याला सांगितलेलं. उबैदनं गाडी बिघडल्याचं सांगून पाहिलं. मग काय मनात आलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी आपणहून गाडी काढली.

दिवस मावळताना दोघं शम्साच्या अंगणात बसले. योरिसनं छोट्या स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला आणि उबैदकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. उबैदनं मान डोलावली. त्यानं खरोखरच ठरवलं होतं.

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून एक हाक आली, लांबलचक, शेवटाला वाऱ्यात विरून गेलेली.

“लब्बैह!” उबैद ताडकन उभा राहून ओरडला.

योरिसनं कपाळावर हात मारून घेतला. पण घुबड उडालं नाही. उलट जवळच्या दगडावर येऊन बसलं आणि मान वळवून उबैदकडं बघत राहिलं. योरिसनं मन भरेपर्यंत फोटो काढले. थोड्या वेळानं ते कड्याआड गेलं, तेव्हा तो आनंदानं उबैदच्या गळ्यातच पडला आणि सामान आवरू लागला; वाट वाईट होती, पुरता काळोख व्हायच्या आत उतरायला हवं होतं.

उबैद कड्याच्या टोकाशी जाऊन उभा होता. डोळे वाहत होते आणि पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

“अबू सैफ, चला,” योरिस म्हणाला. “गेलं ते घुबड.”

“जरा थांब,” उबैद म्हणाला. “काय हवंय ते अजून सांगितलं नाही तिनं.”