आधी विचार, मग उठव

ताईचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, जुना कोट सुटलेल्या पोटावर बसवणं, असली कामं. कात्री लावण्याआधी ती गिऱ्हाईकाला दोनदा विचारते, "कापू ना नक्की?" गिऱ्हाईक वैतागतं. तिला काडीचाही फरक पडत नाही.

रविवारी दुपारी मात्र अर्धं शटर ओढून ती मढ्यांची सरदारीण होते. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळात. बाबा गेल्यावर तिचं मन रमावं म्हणून मीच तिला तो शिकवला आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला! बाई इतकी तरबेज झाली की चाळीस जणांच्या टोळीने तिलाच म्होरक्या केलं आणि मला दारावर पहाऱ्याला ठेवलं.

आमची टोळी मेलेल्यांची. जिवंतांनी आम्हाला आमच्याच घरांतून जाळून हाकललं, अशी खेळातली गोष्ट. तरी सगळे आम्हालाच वाईट म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, थोडे आहोतच. लढाईत जो पडेल, आपला असो की शत्रूचा, त्याला एक बटण दाबून उठवायचं. मग तो शेवटपर्यंत आमच्यासाठी लढतो. खेळणारा तिकडे हात चोळत बसतो आणि त्याचाच गडी त्याच्या मित्रांना कापत सुटतो.

ताईने नियम केला होता. आधी विचारायचं, "उठतोस का?" नाही म्हणाला तर पडू द्यायचं.

"अगं, लढाईत कोण विचारतं?"

"मी विचारते." झालं, विषय संपला.

त्या रविवारी आमच्या गडाला वेढा पडला. आठ महिने खपून बांधलेला गड. जिवंत तिप्पट होते आणि ताई आपली एकेकाला विचारत बसलेली. कोणी नाही म्हणे, कोणी शिवी हासडे. "बरं," म्हणून ती पुढे सरके. टोळीतले एक शाळामास्तर हेडफोनमध्ये कोकलत होते, "बाई, बटण दाबा! गड जातोय!"

तेवढ्यात गडाच्या दारात माझाही गडी पडला. मी दुकानातच दुसऱ्या कॉम्प्युटरवर होतो; शिलाई मशीनच्या पलीकडून ताईने मान वर केली. "उठतोस का?"

माझं डोकंच फिरलं. "मला कसलं विचारतेस? बाबांना विचारलं होतंस?"



बाबांची फुप्फुसं गेली होती. मला नळ्या लावू नका, हे त्यांनी शंभरदा सांगितलेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा पडद्यापलीकडे शुद्धीवर होते. ताई परस्पर म्हणाली, "लावा." चार महिने ते नळ्यांना बांधलेले जगले. बोलता येईना म्हणून त्यांनी वहीत लिहिलं होतं, 'मला का नाही विचारलंस?'

"नाही विचारलं," ताई म्हणाली. माउसवरचा हात तिने काढला नाही. "नाही म्हणाले असते, म्हणूनच नाही विचारलं. मला ते हवे होते. चार महिने मी ओढून घेतले. पाप असेल तर माझं आहे, कुणाच्या पदरात टाकत नाही. पण पुन्हा करणार नाही. गड गेला खड्ड्यात! आता सांग. उठतोस का?"

त्या दिवशी डॉक्टरांसमोर ती आधी माझ्याकडेच वळली असणार. मी तिथे नव्हतो. मला कुणी विचारू नये म्हणून खाली चहाला सटकलो होतो.

"उठतो," मी म्हणालो.

गड गेलाच. निम्मी टोळी सोडून गेली, मास्तर सगळ्यांत आधी. ताईने कॉम्प्युटर बंद केला आणि कुणाचीतरी पँट उसवायला घेतली.

"ताई, त्या दिवशी मी चहाला मुद्दाम गेलो होतो."

"माहीत आहे." तिने दाताने दोरा तोडला. "पुढच्या रविवारी गड पुन्हा बांधायला घेतेय. आहेत तेवढ्यांना घेऊन, आणि नियम तोच. येतोस का? की चहाला जातोस?"