ऊन पडलं की वाढणारी नदी

दर रविवारी सकाळी मी साइटच्या केबिनवर हवामानाचा तक्ता चिकटवते. इथे कतारमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. इंडस्ट्रियल एरियात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपलाइनचं आमचं काम आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये इथे वळवासारखा पाऊस येतो. अर्धा तास धिंगाणा घालतो आणि जातो. खोदलेल्या चरात माणसं असताना आला तर खलास. म्हणून तो तक्ता: पाऊस, वारा, धूळ.

तक्ता चिकटवायला कुणी सांगितलेलं नाही. मी आपणहून सुरू केलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. वडील रोड रोलर चालवायचे, आई दुसरीपर्यंत शिकलेली. मी सिव्हिल इंजिनीअर झाले तेव्हापासून घरात माझं म्हणणं खोडणारं कुणी उरलं नाही. पाहुण्यांच्या लग्नाच्या मांडवापासून आडाच्या मोटरीपर्यंत सगळं मला विचारून. त्याची सवय लागते.

तक्ता नीट वाचणारा साइटवर एकच माणूस होता. सर्व्हे करताना मी दुर्बिणीतून बघते आणि समोर आकड्यांची उंच पट्टी धरून तो उभा राहतो. नेपाळी, पन्नाशीला आलेला. सगळे त्याला दाजू म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. मीही तेच म्हणते. आमचं बोलणं हिंदीत चालतं, पण इथे मी माझ्या भाषेत लिहिते.

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी त्याने विचारलं, “मॅडम, यात माझं गाव बसेल का?”

त्याचं गाव मुस्तांगकडे, हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला. तिथेही इथल्यासारखंच कोरडं, पाऊस नावाला. त्याच्या बारावी झालेल्या मुलीची त्या शनिवारी पोखरा शहरात नर्सिंगची प्रवेशपरीक्षा होती. जायला दोन दिवस. आणि गाव नि रस्ता यांच्यामध्ये नदी. पूल वाहून गेलेला, त्यामुळे जीप पात्रातूनच पार व्हायची. बर्फ वितळून पाणी एकदा चढलं की महिना महिना पात्रात कुणी उतरत नाही. मुलगी मंगळवारी निघणार होती. त्याच्या घरातून कॉलेजात जाणारी तीही पहिलीच.

हे ऐकलं आणि मी लॅपटॉप उघडला. सात दिवस, सातही दिवशी पिवळाधमक सूर्य. पावसाची रांग रिकामी.

“दाजू, काळजीच सोडा. थेंब नाही. निवांत दुपारी जेवून निघू दे तिला.”

“ऊन फार दिसतंय, नाही?” तो म्हणाला.

“ऊन आहे तेच तर चांगलं! अहो, मी हेच शिकलेय.”

 अरबीत ‘शुक्रन’ म्हणून त्याने आभार मानले, पट्टी उचलली आणि तो गेला.

माझ्या गावाकडे, जत भागात, ओढ्याला पूर येतो तो वर डोंगराकडे काळं दिसलं की. आभाळ निरभ्र असलं की ओढ्यात म्हशीसुद्धा निवांत बसतात. मी तेच डोक्यात धरून बोलले होते. कॉलेजच्या पुस्तकात बर्फ वितळण्यावर दीड पान होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मंगळवारी दाजू जेवायला बसला नाही. केबिनच्या सावलीत फोन घेऊन उभा होता.

“काय झालं?”

“जीप परत फिरली. दरवाज्याला पाणी लागलं.” आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. “मुलगी म्हणत होती, बाबा, पहाटे निघते. मीच म्हटलं, नको, इंजिनीअर मॅडमने सांगितलंय.”

मला तोंड वर करवेना. मग त्याने मला शिकवलं. खाली वाकून, वाळूवर पट्टीच्या टोकाने रेघ ओढत.

“तुमची नदी ढगातून येते मॅडम. आमची उन्हातून येते. दुपारी वर बर्फ वितळतं, संध्याकाळपर्यंत पाणी फुगतं. रात्री वर गोठतं, पहाटे पाणी उतरतं. पात्रात एक मोठा दगड आहे. त्याची मान कोरडी दिसली की जीपवाला गाडी घालतो. खांद्यापर्यंत बुडाला की नाही.”

“मग त्या दिवशी का नाही बोललात?”

“बोललो की. ऊन फार आहे म्हटलं.”

बोलला होता खरा.

मी पुन्हा लॅपटॉप उघडला. या वेळी सूर्याची चित्रं सोडून रात्रीचे आकडे बघितले. त्या रात्री वर तापमान शून्याखाली जाणार होतं. त्यानंतर मात्र रोज थोडी थोडी ऊब. म्हणजे बुधवारची पहाट ही शेवटची चांगली पहाट. दाजूला दाखवलं. त्याने दोनदा वाचून बघितलं, मान हलवली आणि फोन लावला.

“काय म्हणाली?”

“विचारतेय, हे मॅडमचं आहे की तुमचं?”

“सांगा, दोघांचं.”

बुधवारी मी अल अझीझियातल्या घरून अर्धा तास आधीच निघाले. कंपनीची बस आली. दाजू सगळ्यांत शेवटी उतरला, फोन छातीशी धरून. मला वाटलं, गेलंच. पण जवळ आला तेव्हा तो हसत होता.

फोटोत पात्राच्या मधोमध एक दगड होता, मान कोरडी, अंगावर पांढरा बर्फाळ थर. पलीकडच्या काठावर जीप. जीपच्या टपावर एक लाल पेटी, आणि पेटीशेजारी दोन्ही हात वर केलेली मुलगी.

आता माझ्या तक्त्यावर खाली पेनाने ओढलेली चौथी रांग असते: दाजूच्या गावचं रात्रीचं तापमान. बाकीचे हसतात, कतारमध्ये बर्फ कुठून आला म्हणतात. हसू देत. ती रांग दाजूने तपासल्याशिवाय मी तक्ता चिकटवत नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मुलीने आवाजातला निरोप पाठवला होता. दाजूने तो सगळ्या केबिनला ऐकवला. पेपर बरा गेला, एवढं तिने बापाला सांगितलं. मग म्हणाली, “आणि मॅडमना सांगा, उन्हाळ्यात आमच्याकडे या. पण दुपारी जेवून निघू नका.”