आत्याची तयारी

प्रभू येशू उद्या मिरजगावच्या एसटी स्टँडवर उतरला, तर त्याच्याबरोबर निघायला तयार असं अख्ख्या कर्जत तालुक्यात एकच माणूस सापडेल, असं आमच्या घरात सगळे खात्रीनं म्हणायचे. आणि ते माणूस म्हणजे माझी विधवा आत्या. ती झोपायचीसुद्धा वेणीफणी करून, धुतलेलं लुगडं नेसून. "तो आला अन् मी अशी गबाळी?" म्हणायची. कुणाशी वाजलं तर दिवस मावळायच्या आत माफी मागायचीच, असा तिचा नेम होता, म्हणून भांडणं ती सकाळीच उरकून घ्यायची. शेजारच्या पाटलीणबाईंना हे इतकं पाठ झालं होतं, की सकाळी आत्याशी वाजलं की संध्याकाळी त्या चहाचं आधण ठेवूनच तिची वाट बघत. ट्रंकेत तळाशी तिनं स्वतःच्या मातीसाठी एक पांढरं पातळ ठेवलं होतं. आलेल्या पाहुण्याला चहाआधी ते हातात घेऊन बघावं लागे, आणि पोत चांगला आहे असं म्हणावंही लागे.

आणि प्रत्येक गोष्टीत तिला देवाकडून शहाणपण हवं असे. वांगी करू की पिठलं, हेही ती डोळे मिटून विचारायची. एकदा श्रीगोंद्याला लेकीकडे निघाली, तर एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून प्रार्थनेला लागली. कंडक्टर भला माणूस. त्यानं घंटी मारली नाही, नुसतं विचारलं, "आत्याबाई, काय ठरलं मग?" डोळे न उघडता आत्या म्हणाली, "थांब की जरा. इचारतीय न्हवं." मागचे लोक कुरकुरत राहिले, पण गाडी थांबली.

तिची ही एकुलती लेक, रूथ, दुष्काळाच्या साली, बाहत्तरमध्ये, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई साखर कारखान्यात कामाला होता. एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं हात टेकले. त्या दिवशी आत्यानं कुणालाच काही विचारलं नाही. तशीच अनवाणी हमरस्त्यावर पळाली आणि दुष्काळी कामावरची जीप तिनं आडवी उभी राहून थांबवली. नगरच्या दवाखान्यात मुलगी झाली. रूथ मात्र वाचली नाही.

ट्रंकेतलं पांढरं पातळ आत्यानं स्वतःच्या हातांनी लेकीला नेसवलं. कबरस्तानात पाळकसाहेबांनी रूथ प्रभूजवळ गेली असं सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली. घरी आल्यावर मात्र मला म्हणाली, "मी माझीच तयारी करीत बसले रे. तिची कुठं केली हुती?"

जावयाच्या आईला दिसत नव्हतं, घरात दुसरं कुणी बाईमाणूस नव्हतं. तान्ह्या मुलीला अनाथाश्रमात ठेवावं, असं चार लोकांचं मत पडलं. आत्या आतल्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसली. आम्ही सगळे बाहेर ताटकळलो. ती आली तेव्हा जावयानं हळूच विचारलं, "काय म्हणाला देव?"

"काय न्हाई म्हणाला," आत्या म्हणाली. "पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल."

त्या साली चारा नव्हता, गाईगुरं लोकांनी छावणीत नेऊन बांधली होती. पण पाटलीणबाईंनी एक शेळी दारातच ठेवली होती. तिचं दूध घरातल्या नातवंडांच्या आधी आमच्या आत्याकडं यायचं. देतानाही त्या आत्याशी थोडं भांडून घ्यायच्या, पाणी घालून पाज, नीट उकळ म्हणून.

पोरगी जगली. आता चालायला लागली आहे. आत्या चुलीपुढं बसून तिला कसले कसले आवाज काढून दाखवते, मांजराचे, जात्याचे, आणि पोरगी खदखदून हसते. हसताना ती थेट रूथसारखी मान मागे टाकते. मग आत्या तिला माझ्या मांडीवर ठेवते, सरपण आणते म्हणून मागच्या दारानं बाहेर जाते, आणि बराच वेळ येत नाही.