शेजारची फाइल

नोंदणी कचेरीत तिला सगळे बाई म्हणत. सव्वीस वर्षं ती कोर्टात टायपिस्ट होती. टाइपरायटर गेले तेव्हा तिची बदली या कचेरीच्या संगणकाच्या खोलीत झाली. खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ, एक पंखा आणि एक सर्व्हर. तो बिघडला की मुख्य कार्यालयातल्या इंजिनियरला फोन लावायचा आणि तो सांगेल ते काळ्या पडद्यावर टाइप करायचं. त्यातलं तिला सुरुवातीला ओ की ठो कळत नसे, पण समोर आलेलं वरपासून खालपर्यंत वाचायची सवय हाडीमाशी खिळलेली होती.

एकदा आठवडाभर रोज सकाळी तेच होऊ लागलं. सर्व्हर चालू व्हायचा, पण दाखल्यांच्या नकला छापणारी सेवा, म्हणजे तो प्रोग्राम, उठता उठताच मान टाकायची. खिडकीपाशी रांग वाढायची. इंजिनियरने फोनवर निदान केलं, की नेटवर्क यायच्या आधीच सेवा जागी होते. सेवेची फाइल उघडून, नेटवर्कनंतर सुरू हो, अशी एक ओळ घालायची.

तिने फाइल उघडली. माथ्यावरच लिहिलं होतं, इथे बदल करू नका, पुढच्या अपडेटमध्ये पुसले जातील. तिने ते त्याला वाचून दाखवलं.

"बाई, असं सगळीकडेच लिहिलेलं असतं. तुम्ही ओळ घाला."

तिने बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ओळ घातली नाही. कोर्टात निकालाच्या मूळ प्रतीला कुणी हात लावत नसे. चूक निघाली तर शुद्धिपत्रक जोडत. इथेही असलं काही असणार म्हणून तिने संगणकातली मदतीची पानं छापून घेतली आणि डबा खाता खाता वाचली. सोय होती. एक आज्ञा दिली की मूळ फाइलीच्या शेजारी छोटी कोरी फाइल उघडायची. तिच्यात फक्त बदल लिहायचा. सिस्टीम दोन्ही मिळून वाचते. तिने तसं केलं.

दुसऱ्या दिवशी सेवा पुन्हा पडली. कचेरीच्या साहेबांनी सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं. ती जिन्याखाली गेली आणि तिने सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. ओळीच्या वर, ती कुठल्या भागातली ते सांगणारा कंसातला मथळा लिहायचा राहिला होता, म्हणून सिस्टीमने ती ओळच सोडून दिली होती. तिने मथळा घातला, सर्व्हर बंद करून चालू केला. नकला निघू लागल्या.

तीन महिन्यांनी अपडेट आलं. इंजिनियरने आपल्या पद्धतीने दुरुस्त केलेल्या सहा कचेऱ्या एकाच सकाळी बंद पडल्या. त्याचा फोन आला.

"तुमचं कसं काय चालू?"

"मी तुमचं ऐकलं नव्हतं."

तो म्हणाला, "सांगा. लिहून घेतो."

पुढच्या महिन्यात त्याच्या सहीने तीच पद्धत सांगणारं परिपत्रक निघालं. तिच्या धाकट्या बहिणीने घरी बरीच बडबड केली, वाईट नाही का वाटलं म्हणून विचारलं. थोडं वाटलं, असं ती म्हणाली आणि तिने कणीक मळायला घेतली. वर्षभराने ती निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या माणसाने ती शेजारची फाइल अजून उघडलेली नाही. तशी वेळच आली नाही.